नाव सांगितले, पण ओळख पटली का?

तुमच्या शाळेच्या संगणक कक्षात बिनतारी जाळे, म्हणजेच वाय-फाय, बसवले आहे असे समजा. त्याच्या रेडिओ लहरी भिंती ओलांडून रस्त्यापर्यंत पोचतात. मग रस्त्यावरील कोणीही त्या जाळ्यात शिरू नये म्हणून काय करावे? एक सोपा उपाय म्हणजे आपल्या यंत्रांच्या पत्त्यांची यादी करून तेवढ्यांनाच आत घेणे. हा उपाय कसा चालतो व कोठे अपुरा पडतो, ते आज पाहू.

जाळ्यात शिरणारे प्रत्येक यंत्र एक पत्ता वापरते. त्याला 'मॅक पत्ता' म्हणतात. तो द्विमान पद्धतीच्या ४८ अंकांचा असतो. प्रत्येक जागी ० किंवा १ येतो. म्हणजे २ चा ४८ वा घात, सुमारे २८१ लाख कोटी, इतक्या निरनिराळ्या संख्या तयार होतात. लिहिण्याच्या सोयीसाठी चार-चार अंकांचे एक चिन्ह करून षोडशमान पद्धत वापरतात. तिच्यात ९ नंतर ए, बी, सी, डी, ई, एफ ही अक्षरे येतात. अशा रीतीने १२ चिन्हांचा पत्ता मिळतो. उदाहरणार्थ, ५ए-३०-सी१-०७-९बी-४२.

आता बिनतारी स्विचची मांडणी पाहू. प्रथम शाळेच्या प्रत्येक यंत्राचा पत्ता टिपून घ्यावा. ही यादी लहान असेल तर स्विचमध्येच भरतात. मोठी असेल तर 'रेडियस' नावाची प्रणाली चालवणाऱ्या वेगळ्या संगणकावर ठेवतात. मग 'यादीत नसलेल्यास नकार' हा नियम लावतात. यंत्राने जोडणी मागताच स्विच त्याचा पत्ता यादीत शोधतो किंवा रेडियसला विचारतो. शेवटी यादीतले एक व यादीबाहेरचे एक, अशी दोन यंत्रे जोडून पाहावीत. पहिले आत गेले व दुसरे अडले, तर मांडणी बरोबर आहे.

पण एवढ्याने ओळख पटली का? गुरुजी मान वर न करता हजेरी घेत असले, तर गैरहजर मित्राच्या नावाला दुसराच कोणी 'हजर' म्हणू शकतो. येथेही तसेच होते. जाळ्यातील मजकूर सांकेतिक केलेला असला, तरी मॅक पत्ता उघडाच प्रवास करतो. जवळपासचा माणूस तो टिपून आपल्या यंत्राला देऊ शकतो. स्विचला फरक कळत नाही!

दुसरी अडचण उलट बाजूची आहे. आपल्या हालचालींचा माग कोणी काढू नये म्हणून अँड्रॉइड १० (२०१९) व आयओएस १४ (२०२०) पासून फोन सहसा प्रत्येक जाळ्यासाठी वेगळा, स्वतः बनवलेला पत्ता वापरतात. कारखान्यातला पत्ता यादीत लिहिला असेल, तर आपलाच फोन दाराबाहेर राहतो.

म्हणून यादीच्या जोडीला गुप्त किल्ली हवी. २००४ साली आलेल्या 'डब्ल्यूपीए-२' पद्धतीत किल्ली हवेतून पाठवतच नाहीत. स्विच एक नवी संख्या पाठवतो. यंत्र आपली संख्या, स्विचची संख्या व किल्ली यांवरून गणित करून उत्तर देते. ज्याच्याजवळ किल्ली आहे, त्याचेच उत्तर जुळते. मात्र किल्ली लांब व अंदाज न येण्याजोगी हवी. छपाई यंत्रे कोणती, संगणक कोणते, हे ओळखायला यादी उपयोगी पडते. पण कुलपाचे काम तिच्यावर सोपवू नये.

करून पाहा : घरच्या फोनच्या वाय-फाय सेटिंगमध्ये मॅक पत्ता शोधा. त्याचे दुसरे चिन्ह २, ६, ए किंवा ई असेल, तर तो पत्ता कारखान्यातला नव्हे. या चारही चिन्हांची द्विमान रूपे लिहा. त्यांत शेवटून दुसरा अंक कोणता येतो? आता वर दिलेला आपला नमुना पत्ता कोणत्या प्रकारचा आहे, ते तुम्हीच ठरवा.