ओवी, ओळ आणि संगणक

जात्यावर बसले की ओवी सुचते, असे आपल्याकडे म्हणतात. ओवी ऐकताना ओळ कुठे संपली हे कानाला कळते. वाचताना मात्र ते डोळ्यांना दिसावे लागते. आपल्या परंड्यात हंसराज स्वामींनी ओवीबद्ध ग्रंथ रचले. जुन्या हस्तलिखित पोथ्यांत ओव्या सलग लिहीत. पण मध्ये दंड देत, म्हणून वाचणारा अडत नसे.

दिवाळीच्या सुटीत मी आजीच्या वीस ओव्या संगणकाच्या डेटाबेसमध्ये भरल्या. प्रत्येक ओवी दोन ओळींत लिहिली. वेबपान उघडून पाहते तो सारा मजकूर सलग! तसाच आजीला वाचून दाखवला. ती म्हणाली, “आगं, दम कुठं घ्यायचा ह्यात?”

ओळ हरवली कुठे? डेटाबेसमध्ये ती शाबूत होती. एंटर दाबले की मजकुरात १० क्रमांकाचे एक अदृश्य चिन्ह साठते. विंडोजमध्ये त्याआधी १३ क्रमांकाचेही येते. टंकलेखन यंत्राचा गाडा मागे सरकवण्याची ती आठवण होय. परंतु एचटीएमएल भाषेत अशी चिन्हे म्हणजे केवळ एक मोकळी जागा ठरते.

यावर उपाय दोन. पहिला, पान तयार होताना प्रत्येक चिन्हापाशी ओळ तोडणारी ‘बीआर’ ही खूण घालणे. पीएचपीमध्ये ‘एनएल-टू-बीआर’ हे काम करते. मात्र मजकुरातील कोनी कंस आधी निर्धोक करावेत, मग खूण घालावी. उलट केल्यास खूणच अक्षररूपाने पानावर उमटते. दुसरा, सीएसएसमध्ये ‘व्हाइट-स्पेस’ या गुणधर्माला ‘प्री-लाइन’ हे मूल्य देणे. यात मजकुराला हात लागत नाही, म्हणून मी हाच मार्ग पत्करला. डेटाबेसमध्ये मात्र बीआर कधीच साठवू नये. उद्या तोच मजकूर छापायचा झाला तर खुणा वेचत बसावे लागेल.

हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांच्या प्रयत्नांतून महाराष्ट्रातील जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. त्यांचा डेटाबेस झाला आणि २०१७ साली ‘पारी’ या संकेतस्थळाने त्या प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. ज्या बायांना लिहिता येत नव्हते, त्यांचे बोल आता यंत्राच्या स्वाधीन आहेत.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आजीचे बोल लिहून घेताना तिची ओळ हरवू नये, एवढी काळजी तरी आपण शिकलेल्यांनी घ्यावयास हवी.