वेंगुर्ला : बंदराकडून डोंगराकडे

सिंधुदुर्ग जिल्ह्यात, गोव्याच्या सीमेपासून जवळच, अरबी समुद्राच्या काठी वेंगुर्ला हे लहानसे शहर वसले आहे. घाटावरील शेतकऱ्यास हे नाव परिचित असते ते काजूच्या कलमांमुळे. परंतु या गावाची जुनी ओळख बंदराची होय. ती कशी पालटली व तीपासून काय शिकता येईल, याचा विचार येथे करावयाचा आहे.

बंदराचा काळ

सतराव्या शतकात डच व्यापाऱ्यांनी येथे वखार घातली. १८१२ साली हे बंदर सावंतवाडी संस्थानाकडून इंग्रजांकडे गेले. आंबोली घाटाच्या रस्त्याने बेळगावकडील माल गाड्यांतून येथे येई व गलबतांत चढे. १८८८ च्या सुमारास मुरगाव बंदर रेल्वेने घाटमाथ्याशी जोडले गेले आणि हा माल तिकडे वळला. बंदराचा व्यापार ओसरला. कर्ती माणसे मुंबईस गेली व अनेक घरांचा संसार मनिऑर्डरीवर चालू लागला.

वरकस जमिनीचे सोने

भातखाचरे व नारळ-सुपारीच्या बागा सोडल्या तर येथील बरीचशी जमीन जांभ्याची, उताराची व वरकस आहे. सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस चार महिन्यांत कोसळतो व समुद्रास मिळतो. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलमधून आणलेला काजू अशा जमिनीत तग धरून राहिला. मात्र तो बियांपासून वाढलेला असे. काजूत परपरागण होत असल्याने चांगल्या झाडाची बी लावली, तरी रोप मातृवृक्षाच्या गुणाचे निघेलच असे नाही.

ही अडचण दूर करण्याचे कार्य १९५७ साली येथे स्थापन झालेल्या संशोधन केंद्राने केले. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दापोलीच्या कृषि विद्यापीठाकडे हे केंद्र पुढे आले. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की संशोधनाचा प्रारंभ याच तालुक्यातील झाडांपासून झाला. ‘वेंगुर्ला १’ ही जात अणसूर गावच्या झाडांतून निवडली गेली. ‘वेंगुर्ला ४’ या संकरित जातीचा एक पालक वेतोरे येथील आहे. १९९७ च्या ‘वेंगुर्ला ७’ ची बी सुमारे दहा ग्रॅम वजनाची असते. म्हणजे शंभर बियांचा एक किलो भरतो. मृदुकाष्ठ कलमाच्या पद्धतीमुळे हे गुण जसेच्या तसे शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोहोचले. १९९० साली रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग योजना सुरू झाल्यावर लागवडीस वेग आला.

कलम लावले म्हणजे झाले काय?

या भागातील एका डोंगरउतारावर मी एक बाग पाहिली. मालक मुंबईस नोकरीत होते. झाडे हिरवीगार होती. परंतु बी बारीक व थोडी. जवळ जाऊन पाहता कलमाची काडी केव्हाच मेलेली व खालचा खुंटच वाढलेला आढळला. दहा वर्षे रानटी काजू सांभाळला गेला होता. पहिल्या दोन पावसाळ्यांत कोणी खुंटाची फूट काढली असती, तर हा तोटा टळला असता.

म्हणून पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात :

१. कलमे शासकीय अथवा परवानाधारक रोपवाटिकेतूनच घ्यावीत व ७ × ७ मीटर अंतरावर लावावीत.

२. सांध्याखालील फूट वेळोवेळी काढावी. पहिली दोन वर्षे येणारा मोहोर खुडावा.

३. नवी पालवी, मोहोर व फळधारणा या तिन्ही वेळी ढेकण्या किडीवर नजर ठेवावी व शिफारशीप्रमाणे फवारणी करावी. बुंध्याशी भुसा दिसल्यास खोडकिड्याचा तत्काळ बंदोबस्त करावा.

४. बी झाडावरून तोडू नये. पक्व होऊन गळालेली बी वेचून, बोंड वेगळे करून, दोन-तीन दिवस उन्हात वाळवावी.

ही कामे कष्टाची नाहीत, पण ती वेळच्या वेळी व्हावी लागतात, आणि त्यासाठी माणूस बागेत असावा लागतो. ज्यांस गावी राहणे शक्य नाही, त्यांनी शेजारच्या शेतकऱ्याशी उत्पन्नाच्या वाट्याचा स्पष्ट करार करावा. बाग बेवारस ठेवू नये. बंदराचा व्यापार गेला तो वेंगुर्लेकरांच्या हातचा नव्हता. डोंगरावरील बाग राखणे मात्र सर्वस्वी त्यांच्या हाती आहे.