आवेगाचे मोजमाप आणि त्याची मर्यादा

“डॉक्टरसाहेब, आमच्या घरात हीच सर्वांत शांत!” आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या पंधरा वर्षांच्या मुलीची आई मला पुनःपुन्हा सांगत होती. किरकोळ बोलाचाली झाली आणि मनात विचार येऊन कृती घडेपर्यंत दहा मिनिटेही गेली नव्हती. शांत मुलीच्या हातून इतकी आवेगी कृती कशी घडावी?

आवेगशीलता मोजण्यासाठी बॅरट प्रश्नावली जगभर वापरली जाते. तिच्या १९९५ च्या अकराव्या आवृत्तीत तीस विधाने असून प्रत्येकास १ ते ४ गुण असतात. अवधानातील चंचलता, कृतीतील उतावीळपणा आणि नियोजनाचा अभाव हे तिचे तीन घटक होत. परंतु येथे व्यक्ती स्वतःविषयी जे सांगते तेच नोंदले जाते. मोजला जातो तो स्थायी स्वभाव. संगणकावरील चाचण्यादेखील शांत खोलीत होतात. अपमानाच्या वा संतापाच्या घटकेचे मन तेथे हजर नसते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातही स्वभावगत आवेगशीलता आणि आत्मघाती वर्तन यांचा संबंध क्षीणच आढळला.

म्हणून स्वभाव आणि प्रसंग यांची नोंद वेगवेगळी हवी. बेक यांच्या १९७४ च्या हेतू-मापनश्रेणीत पूर्वविचार व पूर्वतयारी यांविषयी प्रश्न आहेत. प्रसंग समजून घेण्यास ते उपयोगी पडतात. मात्र पूर्वतयारी नव्हती म्हणून प्रयत्न किरकोळ ठरत नाही आणि गुण कमी आले म्हणून आपण निर्धास्त होऊ नये.

आवेगाची लाट बहुधा ओसरते. त्या वेळी घातक वस्तू हाताशी नसणे हेच मोठे संरक्षण होय. श्रीलंकेत १९९५ पासून अतिविषारी कीटकनाशकांवर निर्बंध आले आणि पुढील दहा वर्षांत आत्महत्यांचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले.

घराघरांतून औषधे व कीटकनाशके कुलपात ठेवावीत. किशोरवयीन मूल खिन्न दिसल्यास, “जीव नकोसा वाटतो का?” असे स्पष्ट विचारावे, विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही भीती निराधार आहे. मानसोपचारतज्ज्ञांकडे विनासंकोच न्यावे. १४४१६ या क्रमांकावर टेलि-मानस ही शासकीय सेवा अहोरात्र उपलब्ध आहे.

त्या मुलीच्या प्रश्नावलीतील गुण सर्वसाधारण होते. तिच्या आईला मात्र मी प्रथम कपाटाच्या कुलपाविषयी विचारले.