ऑनलाइन दुकान उघडण्यापूर्वी

सोलापुरी चादरीस २००५-०६ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. ते नाव मालावर लावण्याचा अधिकार मात्र नोंदणीकृत वापरकर्त्यासच असतो. ऑनलाइन विक्री करू इच्छिणाऱ्या संस्थेने प्रथम हीच खातरजमा करावी.

पेठेत गिऱ्हाईक चादर हाताळून पाहते. ऑनलाइन दुकानात ते काम छायाचित्राने व मजकुराने करावयाचे असते. म्हणून लांबी-रुंदी, वजन, सूत, रंगाचा पक्केपणा आणि माल हातमागाचा की यंत्रमागाचा, हे स्पष्ट लिहिलेले असावे. चादर वजनदार, टपालखर्च अंदाजाने ठरविल्यास नफा त्यातच जिरतो. बांधलेले पुडके प्रत्यक्ष तोलूनच दर ठरवावा.

खरी परीक्षा याहून निराळी. संस्थेबाहेरील व्यक्तीने साध्या मोबाइलवरून एक चादर मागवावी, पैसे भरावेत, माल येताच तो परत करावा आणि रक्कम खात्यात परत येते का, ते पाहावे. बहुतेक ठिकाणी हा शेवटचा टप्पा तपासायचा राहून जातो.

२०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार विक्रेत्याने तक्रार निवारण अधिकारी नेमणे, तक्रारीची पोच ४८ तासांत देणे व एका महिन्यात निवारण करणे बंधनकारक आहे. त्या अधिकाऱ्याचे नाव व संपर्क दुकानाच्या पानावर विक्रीच्या पहिल्या दिवसापासूनच असावा.