लाकडी फ्लोअरिंग घरीच बसवताय? आधी ओल तपासा

मुंबई-ठाण्यात किंवा कोकणात स्वतःच्या हाताने लाकडी फ्लोअरिंग बसवायचे असेल, तर फळ्या निवडायला जाण्याआधी जमिनीतली ओल तपासा. आमच्या तळमजल्यावरच्या घरात मे महिन्यात बसवलेले फ्लोअरिंग जुलैत फुगले, म्हणून हे कळकळीने सांगते आहे.

खोलीच्या मधोमध सांधा वर उचलला गेला. पाय ठेवला की दबायचा, काढला की पुन्हा वर यायचा. बाल्कनीच्या दाराजवळ फळ्यांच्या कडा जाड झाल्या. स्कर्टिंग काढले तेव्हा फळ्या भिंतीला घट्ट भिडलेल्या दिसल्या. फोम उचलला, तर जुन्या फरशीचे सांधे दमट होते. 'फोम आहे ना, मग प्लास्टिक कशाला?' असे दुकानात सांगितले होते.

आपल्याकडे बहुतेक घरांत बसते ते लॅमिनेट. त्याचा गाभा लाकडाचा भुसा-तंतू दाबून केलेला असतो. तो ओल शोषतो, आणि एकदा फुगलेली कड सहसा पूर्ववत होत नाही. शिवाय या फळ्या जमिनीला चिकटवलेल्या नसतात. एकमेकींत अडकून त्यांचा एक सलग पट्टा होतो आणि दमट हवेत तो पसरतो. भिंतीशी जागा नसेल, तर त्याला वर उचलले जाण्यावाचून वाट उरत नाही.

म्हणून सुरुवात अशी करा. दोन हात लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा जमिनीवर पसरून चारही कडा चिकटपट्टीने बंद करा आणि किमान 24 तास ठेवा. खाली थेंब दिसले किंवा जमीन काळवंडली, तर काम थांबवा. ही तपासणी भर पावसाळ्यात करणे उत्तम. उन्हाळ्यातली कोरडी जमीन फसवते. ओल भिंतीतून, बाथरूममधून की एसीच्या पाइपातून येते ते शोधून आधी तेच दुरुस्त करा.

जमीन कोरडी असेल, तरी सपाटी पाहा. दोन मीटरची सरळ पट्टी ठेवून खाली तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसली, तर खड्डा भरून घ्या. नाहीतर सांधे पायाखाली हलत राहतात आणि तुटतात.

फळ्यांचे खोके त्याच खोलीत 48 तास आडवे ठेवा. हिशेबापेक्षा दहा टक्के माल जास्त आणा. पुढे एखादी फळी बदलायची झाली, तर तोच रंग बाजारात मिळेलच असे नाही. आठ मिलिमीटरची फळी आणि दोन मिलिमीटरचा फोम म्हणजे जमीन एक सेंटिमीटर वर येणार. दरवाजे उघडतील का, हे आधीच मोजा. लागल्यास दाराची खालची कड सुताराकडून तासून घ्या.

बसवताना आधी प्लास्टिक, त्याचे जोड वीस सेंटिमीटर एकमेकांवर चढवून, आणि वर फोम. चारही भिंतींशी, खांबांशी, चौकटींशी दहा मिलिमीटर जागा सोडा. त्यासाठी लाकडी पाचरी लावा आणि काम संपल्यावर आठवणीने काढा. शेजारच्या रांगांतले सांधे किमान तीस सेंटिमीटर अंतरावर येऊ द्या. शेवटची रांग पाच सेंटिमीटरपेक्षा अरुंद राहणार असेल, तर पहिली रांग कापून समतोल साधा. स्कर्टिंग भिंतीलाच ठोका, फळ्यांना नको. भिंतीत बसवलेली जड कपाटे फळ्यांवर उभी करू नका. त्यांच्या वजनाने पट्टा जागीच अडकतो.

रोजची सवयही बदलावी लागते. बादलीभर पाणी ओतून पुसणे बंद. घट्ट पिळलेले फडके पुरे. स्वयंपाकघरात आणि बाथरूमच्या दाराशी टाइल्सच ठेवा.

दिवाळीनंतर, ओल बंद करून, आम्ही याच रीतीने फ्लोअरिंग पुन्हा घातले. पुढच्या पावसाळ्यात एकही सांधा हलला नाही. घरी बसवण्यात मजुरी वाचते हे खरे. पण तळमजल्यावर राहत असाल आणि जमीन ओली असेल, तर लाकडी फ्लोअरिंगचा नाद सोडा. टाइल्स तुम्हाला जास्त वर्षे साथ देतील.