नगराबाहेर, पण जवळ : उत्तरायुष्यातील निवासाचा प्रश्न आणि म्हैसूर

निवृत्तीनंतर कोठे राहावे हा प्रश्न वरवर पाहता घर, भाडे आणि हवापाणी यांचा वाटतो. साहित्याच्या अभ्यासकाचा त्याच्याशी काय संबंध, अशी शंका कोणी घेईल. परंतु भारतीय साहित्यात हा प्रश्न फार जुना आहे, आणि तो नेहमीच नात्यांच्या प्रश्नाशी जोडलेला राहिला आहे. 'कोठे राहावे' याचे उत्तर शोधताना 'कोणाजवळ राहावे' आणि 'काय सोडून राहावे' या दोन प्रश्नांनाही सामोरे जावे लागते. निवास, सान्निध्य आणि सत्ता या तीन घटकांचा मेळ कसा घातला जातो, यावर वृद्धाच्या कथेचा शेवट बहुधा अवलंबून असतो. प्रस्तुत टिपणात या तीन घटकांच्या आधारे काही संस्कृत, मराठी, कन्नड आणि इंग्रजी कृतींचा, तसेच म्हैसूरच्या लेखकांच्या उत्तरायुष्याचा विचार केला आहे.

१

मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात वानप्रस्थाची वेळ सांगितली आहे. अंगावर सुरकुत्या पडल्या, केस पिकले आणि मुलाचे मूल पाहिले की गृहस्थाने अरण्याचा आश्रय घ्यावा. पत्नीला पुत्रांच्या स्वाधीन करावे किंवा बरोबर न्यावे, असे दोन पर्याय तेथे आहेत. म्हणजे या विधीत निवास, सान्निध्य आणि सत्ता तिन्ही एकाच वेळी सोडायची आहेत. शास्त्राच्या दृष्टीने हे उत्तर पूर्ण आहे. पण त्यात मुलाच्या मनाचा विचार नाही.

तो विचार कालिदासाने केला. 'रघुवंशा'च्या आठव्या सर्गात वृद्ध रघू राज्य पुत्राच्या हाती देऊन वनात निघतो, तेव्हा अज त्याच्या पायांवर मस्तक ठेवतो आणि आपला त्याग न करण्याची विनंती करतो. पुत्रवत्सल रघू ती मान्य करतो, मात्र एकदा टाकलेली राजलक्ष्मी तो पुन्हा स्वीकारत नाही. यतीचे जीवन पत्करून तो नगराबाहेर एका निवासात राहतो. पुत्राकडे गेलेली राजलक्ष्मी सुनेप्रमाणे त्याची सेवा करते, अशी कल्पना कवीने येथे योजिली आहे. काही वर्षांनी रघू देह ठेवतो आणि त्याचे अंत्यविधी अजच करतो.

या प्रसंगाचे महत्त्व केवळ काव्यगुणात नाही. शास्त्राने सांगितलेले अरण्य आणि मुलाने देऊ केलेला राजवाडा यांच्यामध्ये कालिदासाने तिसरी जागा दाखविली. ती नगराबाहेर आहे, पण हाकेच्या अंतरावर आहे. येथे सत्ता पूर्ण सोडली आहे, सान्निध्य राखले आहे आणि निवास वेगळा केला आहे. पुढील काळातील कृती या मांडणीशी ताडून पाहिल्या असता त्यांच्यातील शोकाचे कारण अधिक स्पष्ट होते.

२

आधुनिक काळात वानप्रस्थाची वेळ पिकल्या केसांवरून ठरेनाशी झाली. ती नोकरीच्या नियमांवरून ठरू लागली. ठरलेल्या वयात निवृत्ती आणि दरमहा निवृत्तिवेतन या दोन गोष्टींनी मुलांच्या मिळकतीवर अवलंबून नसलेले वृद्ध दांपत्य हा नवा घटक निर्माण केला. म्हैसूर हे अशा दांपत्यांचे गाव म्हणून दीर्घकाळ ओळखले गेले. संस्थानी प्रशासन, १९१६ साली स्थापन झालेले विद्यापीठ, १९०३ सालच्या नगरसुधारणा मंडळापासून आखल्या गेलेल्या नव्या वसाहती आणि सौम्य हवा यांमुळे पगारदार मध्यमवर्गाला येथे घर बांधून राहावेसे वाटले. मुलांना मात्र नोकरीसाठी बंगळूर, मद्रास, मुंबई किंवा परदेश गाठावा लागला. वृद्धाने घर सोडून जावे ही जुनी रीत होती; आता मुले घर सोडून गेली आणि वृद्ध घरी राहिले. वानप्रस्थाची दिशाच उलटली.

म्हैसूरला राहून मालगुडीची सृष्टी उभारणाऱ्या आर. के. नारायण यांच्या 'द व्हेंडर ऑफ स्वीट्स' (१९६७) या कादंबरीत हे परिवर्तन नेमके दिसते. मिठाईचा दुकानदार जगन विधुर आहे, गांधीवादी आहे. मुलगा माली अमेरिकेहून परततो तो ग्रेस नावाच्या तरुणीला आणि कथा लिहिणाऱ्या यंत्राच्या योजनेला घेऊन. दोघांचा विवाह झालेलाच नाही हे कळल्यावर जगन घराच्या दोन भागांमधले दार बंद करून घेतो. एकाच छपराखाली राहूनही सान्निध्य संपू शकते, हे त्या एका बंद दाराने सांगितले आहे. अखेरीस तो नदीपलीकडील एका निवांत बागेत राहावयास जातो. मात्र जाताना बँकेचे धनादेश-पुस्तक विसरत नाही. टीकाकारांना यात विनोद दिसला, आणि तो आहेही. परंतु रघूच्या प्रसंगाशी तुलना केल्यास यातील व्यवहारज्ञानही नजरेत भरते. जगन गावाजवळच राहतो, घरातील अधिकार सोडतो, पण परावलंबी होत नाही. ग्रेसला मायदेशी परतावयाचे असल्यास प्रवासखर्च देण्याची तयारी तो दाखवितो, ती याच बळावर.

म्हैसूरपासून सुमारे पंचवीस किलोमीटरवर कपिलेच्या काठी वसलेले नंजनगूड हे एस. एल. भैरप्पा यांच्या 'वंशवृक्ष' (१९६५) या कादंबरीचे एक केंद्र आहे. उमा कुलकर्णी यांच्या अनुवादांमुळे भैरप्पा मराठी वाचकाला परके राहिलेले नाहीत. येथील श्रीनिवास श्रोत्री तरुण मुलाच्या मृत्यूनंतरही घर धरून ठेवतात; विधवा सून कात्यायनी म्हैसूरला शिकावयास जाते, पुनर्विवाह करते आणि तिचा मुलगा मात्र आजोबांच्या घरीच राहतो. श्रोत्रींचा निवासाचा आग्रह वंशाच्या सातत्याशी बांधलेला आहे. ज्या वंशासाठी घर राखले त्याच्याशी आपले रक्ताचे नाते तसे नाही, हे कळताच त्या घरावर आपला अधिकार नाही असे त्यांना वाटते, आणि संपत्तीचा त्याग करून ते संन्यासाच्या वाटेला लागतात. जगनचे जाणे मुलाच्या वागण्यातून येते, श्रोत्रींचे स्वतःच्या जन्माच्या सत्यातून. तरीही दोघांच्या जाण्याला परंपरेने एक नाव दिलेले आहे. म्हणून दोन्ही कथांत दुःख असले तरी अगतिकता नाही.

३

याच सुमारास मराठी रंगभूमीवर आलेल्या दोन नाटकांत अशी वाट उपलब्ध नाही. कुसुमाग्रजांच्या 'नटसम्राट' नाटकाचा पहिला प्रयोग २३ डिसेंबर १९७० रोजी झाला. रंगभूमीवरून निवृत्त झालेले गणपतराव बेलवलकर आपली मिळकत मुलांत वाटून टाकतात आणि आधी मुलाकडे, मग मुलीकडे राहतात. शेक्सपिअरच्या 'किंग लियर'शी या नाटकाची तुलना वारंवार झाली आहे. लियर सत्ता देतो, पण तिचा मान आणि लवाजमा स्वतःकडे ठेवू पाहतो. बेलवलकर घर देतात, पण घरधन्याचा मोकळेपणा सोडू शकत नाहीत. रघूने सत्ता सोडली आणि निवास वेगळा केला. बेलवलकरांनी निवास सोडला; सत्ता मात्र स्वभावात राहून गेली. त्यांच्या वाट्याला आलेल्या अपमानात मुलांचा दोष आहेच, पण नाटकाची रचना पाहता या दानातच पुढील संघर्षाचे बीज आहे, असे म्हणावे लागते.

जयवंत दळवी यांच्या 'संध्याछाया' (१९७३) नाटकातील नाना-नानींची स्थिती याच्या उलट आहे. त्यांचे घर त्यांच्याकडेच आहे आणि कोणी त्यांना बाहेर काढलेले नाही. एक मुलगा अमेरिकेत आहे, दुसरा सैन्यदलात. येथे निवास सुरक्षित आहे, पण सान्निध्य नाही; आणि ते नसल्यामुळे सुरक्षित घरच हळूहळू प्रतीक्षागृह होते. दोघांनी मिळून आयुष्य संपविण्यापर्यंत ही प्रतीक्षा जाते. या नाटकात खलपुरुष नाही, ही बाब विशेष लक्षात घेतली पाहिजे. मुलांच्या ज्या यशाची इच्छा आईवडिलांनीच धरली, त्या यशानेच घर रिकामे केले आहे.

'नटसम्राट'ने उभा केलेला प्रश्न पुढे कायद्यालाही हाताळावा लागला. २००७ साली संसदेने आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा व कल्याणाचा अधिनियम केला. त्याच्या २३व्या कलमानुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर ज्येष्ठाने मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने ती अट पाळली नाही, तर ते हस्तांतरण रद्द ठरविता येते. बेलवलकरांना असे कलम हाती असते तर घर परत मिळाले असते; पण ज्या घरात त्यांना राहायचे होते ते मिळाले असते का, हा प्रश्न उरतोच. कायदा निवास परत देऊ शकतो. सान्निध्य परत देणे त्याच्या कक्षेबाहेरचे आहे, आणि 'संध्याछाये'ला तर कायद्याकडे उत्तरच नाही.

४

कृतींकडून लेखकांच्या जीवनाकडे वळताना सावध राहिले पाहिजे, कारण आयुष्य कादंबरीप्रमाणे आखलेले नसते. तरीही म्हैसूरमधील दोन उदाहरणे या विवेचनाला उपयुक्त ठरतात.

कुवेंपू १९६० साली म्हैसूर विद्यापीठाच्या कुलगुरुपदावरून निवृत्त झाले. त्यांच्या साहित्यात मलनाडचे अरण्य सर्वत्र आहे. पण निवृत्तीनंतर ते त्या अरण्यात राहावयास गेले नाहीत. म्हैसूरचे 'उदयरवी' हेच त्यांचे घर राहिले. ज्येष्ठ पुत्र पूर्णचंद्र तेजस्वी यांनी मात्र शहर सोडून मूडिगेरेच्या परिसरात शेती आणि लेखन केले. अरण्यात मुलगा गेला आणि पिता नगरात राहिला! ११ नोव्हेंबर १९९४ रोजी म्हैसूरला कुवेंपूंचे निधन झाले आणि अंत्यसंस्कार कुप्पळी येथील कविशैलावर झाले. जगण्याचे गाव आणि मातीचे गाव ही दोन वेगळी असू शकतात, आणि एकाची निवड करताना दुसऱ्याचा त्याग करावाच लागतो असे नाही, हे यातून दिसते.

नारायण यांची कथा वेगळी आहे. १९३९ साली पत्नीच्या निधनानंतर त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. एकुलती मुलगी हेच त्यांचे कुटुंब होते. यादवगिरीत त्यांनी हौसेने घर बांधले आणि लेखनासाठी अनेक खिडक्यांची एक खोली त्यात करून घेतली. चामुंडीची टेकडी, बाजार, ओळखीचे दुकानदार, रोजचा फेरफटका यांवर त्यांची सृष्टी पोसली होती. असा लेखक गाव सोडणार नाही, असेच कोणालाही वाटले असते. परंतु १९९०च्या दशकाच्या प्रारंभी प्रकृती ढासळल्यावर ते सुमारे पाचशे किलोमीटरवरील मद्रासला मुलीच्या कुटुंबाजवळ राहावयास गेले. घर आणि सान्निध्य यांत निवड करण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी सान्निध्य निवडले.

ही निवड निर्धोक ठरली नाही. १९९४ साली मुलीचे कर्करोगाने निधन झाले. जिच्यासाठी गाव सोडले तीच राहिली नाही, अशा वेळी हा निर्णय फसला असे म्हणणे सोपे आहे. पण त्यानंतर नातीने त्यांचा सांभाळ केला. १३ मे २००१ रोजी चेन्नईत त्यांचे निधन झाले, तेव्हा ते एकाकी नव्हते. यावरून एक भेद स्पष्ट होतो. एका व्यक्तीजवळ जाणे निराळे आणि एका कुटुंबाजवळ जाणे निराळे. पहिल्यात सारा भार एका आयुष्याच्या दोरीवर असतो. दुसऱ्यात एक धागा तुटला तरी वीण टिकते. यादवगिरीचे घर पुढे पाडले जाण्याच्या बेतात होते. ते वाचविले गेले आणि २०१६ साली संग्रहालय म्हणून खुले झाले. माणसाने सोडलेले घर समाजाला नंतर जपता येते. माणसाला जपण्याची वेळ मात्र त्याच्या हयातीतच असते.

५

या सर्व विवेचनात एक उणीव राहते. निवासाचा निर्णय घेणारा बहुतेक ठिकाणी पुरुष आहे. मनूच्या विधानात पत्नीसाठी दोन पर्याय आहेत, पण ते निवडण्याचा अधिकार पतीचा. 'नटसम्राट'मधील कावेरीला सर्वस्व देऊन टाकण्यातला धोका आधीच दिसतो, तरी निर्णय गणपतरावांचाच ठरतो आणि त्याची किंमत तिलाही द्यावी लागते. जगन आणि श्रोत्री यांच्या निर्णयाच्या वेळी तर पत्नी हयातच नाही.

या पार्श्वभूमीवर महाभारताच्या आश्रमवासिक पर्वातील कुंतीचे स्मरण आवश्यक ठरते. युद्धानंतर पंधरा वर्षे धृतराष्ट्र पांडवांच्या आश्रयाला राहतो. युधिष्ठिराचा आदर त्याला मिळतो आणि भीमाची कठोर वाक्येही ऐकावी लागतात. मग तो वनाकडे निघतो. त्याला तेथे ठेवून घेणारे कारण संपले होते. कुंतीची गोष्ट तशी नाही. तिचे पुत्र विजयी आहेत, राजवाडा तिचा आहे, मुले परोपरीने विनवीत आहेत. तरी ती धृतराष्ट्र-गांधारींच्या सेवेसाठी वनात जाते. मुलांनी पराक्रम करावा म्हणून तिने त्यांना प्रेरणा दिली होती. त्याचे फळ स्वतः भोगावे अशी तिची अपेक्षा नव्हती. वृद्धापकाळी मुलांजवळ राहणे हा हक्क आहे, तसे न राहणे हाही हक्क आहे, आणि तो स्त्रीचाही आहे, हे आपल्या परंपरेत कुंतीने प्रत्यक्ष आचरून दाखविले.

रघू, कुंती, जगन, श्रोत्री, बेलवलकर आणि नाना-नानी यांना एका पंक्तीत बसविले असता एक गोष्ट हाती लागते. या कथांतील शोक घर लहान की मोठे, गाव कोणते, यावरून ठरत नाही. काय सोडायचे आहे आणि काय राखायचे आहे याचा निवाडा वेळेवर झाला की नाही, यावरून तो ठरतो. रघूने हा निवाडा शक्ती असताना आणि मुलाशी बोलून केला. बेलवलकरांनी तो भावनेच्या भरात केला. नाना-नानींच्या बाबतीत तो परिस्थितीने केला. भाषा, काळ आणि वाङ्मयप्रकार बदलले तरी अजने पायांवर मस्तक ठेवून केलेली विनंती आणि रघूने तिला दिलेले अर्धे होकाराचे, अर्धे नकाराचे उत्तर यांत या प्रश्नाचे मर्म अजूनही सामावलेले आहे. पित्याने मुलाचे म्हणणे ऐकले आणि मुलाने पित्याचे वेगळे दार मान्य केले. म्हणूनच त्या दोन घरांमधले अंतर दोघांनाही चालून जाता आले.