विज्ञान प्रदर्शनासाठी प्रश्न गावातूनच घ्यावा
(शिक्षक, वसतिगृह अधीक्षक व गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी अभ्यासपाठ)



काही वर्षांपूर्वी एका आश्रमशाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मी स्वतः चंद्रपूरहून थर्माकोलचा तयार ज्वालामुखी विकत आणला होता. चौथीतली एक मुलगी त्याच्यामागे उभी होती. पाहुण्यांनी विचारले, "बेटा, हा फेस का येतो?" तिने माझ्याकडे पाहिले. ते वाक्य मी तिच्याकडून पाठ करून घ्यायला विसरलो होतो. तिच्या मागेच हात धुण्याची टाकी होती आणि टाकीत डासांच्या अळ्या वळवळत होत्या. त्यांच्याबद्दल विचारले असते, तर ती मुलगी खूप काही सांगू शकली असती. चूक माझी होती. प्रकल्प मी निवडला होता, तिने नव्हे.

त्यानंतर मी एक नियम पाळत आलो आहे. ज्याचे उत्तर शिक्षकालाही आधी माहीत नाही आणि जे मुलांना आपल्याच गावात शोधता येते, असाच प्रश्न घ्यायचा. या पाठात असा एक प्रकल्प पायरीपायरीने देत आहे. तो तिसरी ते पाचवीच्या मुलांना जमतो आणि खर्च जवळजवळ नाही.

प्रश्न कोणता?

राज्यात हिवतापाचे रुग्ण सर्वाधिक आढळणाऱ्या जिल्ह्यांत गडचिरोलीचे नाव आहे. भामरागड, एटापल्ली, धानोरा, कोरची भागात तापाने फणफणलेले मूल पाहिले नाही, असे घर विरळा. म्हणून आपला प्रश्न असा: आपल्या गावात डासांच्या अळ्या कोणत्या पाण्यात होतात, आणि त्यांतल्या हिवतापाच्या डासाच्या कोणत्या?

हा प्रश्न लहान मुलांचा वाटला, तरी एकेकाळी मोठ्या माणसांनाही तो सुटला नव्हता. हिवताप दलदलीच्या खराब हवेने होतो, असे शतकानुशतके मानले जाई. सिरोंच्यापलीकडे नदी ओलांडली की तेलंगणा लागतो. त्याच तेलंगणातल्या सिकंदराबादेत २० ऑगस्ट १८९७ रोजी डॉ. रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू दिसले. त्याआधी त्यांनी कितीतरी डास सूक्ष्मदर्शकाखाली तपासले होते आणि हाती काही लागले नव्हते. चुकीच्या जातीचे डास तपासले, तर काही सापडणार नव्हतेच. १९०२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मुलांना ही गोष्ट जरूर सांगा. कोणता डास, हे ओळखणे किती महत्त्वाचे आहे, ते त्यातून कळते.

अळी कशी ओळखावी?

डास पाण्यात अंडी घालतो. अंड्यातून अळी, अळीचा कोष आणि कोषातून डास, असा प्रवास उबदार दिवसांत साधारण एक ते दोन आठवड्यांत होतो. हिवताप पसरवणाऱ्या ॲनोफिलीस डासाची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी पडून राहते. क्युलेक्स आणि एडिस डासांच्या अळ्यांना शेपटीकडे श्वासनळी असते. ती पृष्ठभागाला टेकवून त्या डोके खाली करून तिरप्या लटकतात. एवढा फरक साध्या डोळ्यांनी दिसतो. मुले दोन दिवसांत "आडवी" आणि "लटकी" अशी नावे पाडतात. ती तशीच राहू द्यावी.

साहित्य

पांढरी वाटी, ती बांधायला बांबूची काठी, काचेच्या तीन बरण्या, पातळ सुती कापड, दोरा, वही आणि मिळाल्यास एक भिंग.

कृती

*पहिला आठवडा: अंदाज.* मुलांना विचारा, "अळ्या सर्वांत जास्त कुठे सापडतील?" प्रत्येकाचा अंदाज त्याच्या नावासह वहीत लिहा. बहुतेक मुले सांडपाण्याची नाली म्हणतील. चूक किंवा बरोबर काही सांगू नका. अंदाज नंतर खोडायचाही नाही.

*दुसरा आठवडा: नकाशा.* मुलांबरोबर गाव फिरा. हातपंपाजवळचे डबके, रांजण, फुटका टायर, गुरांच्या खुरांचे खड्डे, धानाची बांधी, बोडी, नाल्याकाठचे संथ पाणी अशा पाणी साचणाऱ्या सर्व जागा नकाशावर काढा. जागांची नावे मुलांच्या घरच्या भाषेत, गोंडीत किंवा माडियात लिहा.

*तिसरा व चौथा आठवडा: मोजणी.* सहा जागा निवडा. प्रत्येक जागी वाटी दहा वेळा बुडवून अळ्या मोजा. काठावर हळू जावे, कारण सावली पडली तरी अळ्या खाली पळतात. वाटी तीच, दहा बुडव्या तेवढ्याच आणि वेळही सकाळचीच ठेवावी. या गोष्टी बदलल्या, तर दोन जागांची तुलना खोटी ठरते. दुसऱ्या आठवड्यात त्याच जागा पुन्हा मोजा. तक्त्याचे रकाने असे: जागा, पाणी स्वच्छ की घाण, वाहते की साचलेले, आडव्या अळ्या, लटक्या अळ्या.

*पाचवा आठवडा: मासा.* नाल्यातला कोणता छोटा मासा अळ्या खातो? गप्पी मासा खातो हे आरोग्य विभागाचे कर्मचारी सांगतात, पण तो बाहेरच्या देशातला आहे. तो नाल्यात सोडू नये. आपल्या नाल्यातले मासे मुलांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत. तीन बरण्यांत सारखेच पाणी आणि वीस-वीस अळ्या घ्या. एकीत एका जातीचा मासा, दुसरीत दुसऱ्या जातीचा आणि तिसरीत मासाच नाही. तासाभराने उरलेल्या अळ्या मोजा. बिनमाशाची बरणी कशाला, असे मुले विचारतील. अळ्या आपोआपच मेल्या असत्या का, हे त्या बरणीमुळेच कळते. प्रयोग तीन वेगवेगळ्या दिवशी करा आणि मासे आणले तिथेच परत सोडा.

*सहावा आठवडा: मांडणी.* नकाशा, तक्ता आणि एक मोठा कागद. त्यावर डावीकडे "आमचा अंदाज", उजवीकडे "काय निघाले".

काळजी

नाल्यावर मोठे माणूस सोबत असल्याशिवाय मुलांना नेऊ नये आणि गुडघ्यापेक्षा खोल पाण्यात उतरू देऊ नये. अळी चावत नाही, पण तिचा डास होतो. म्हणून बरणीच्या तोंडाला कापड घट्ट बांधावे. स्वल्पविरामासारखा वाकडा कोष दिसू लागला की ते पाणी कोरड्या मातीवर ओतावे.

हे काम रोवणीनंतर, सप्टेंबर-ऑक्टोबरात करावे. त्या वेळी साचलेले पाणी सगळीकडे असते आणि हिवाळ्यातल्या प्रदर्शनापर्यंत तक्ते तयार होतात. शाळेत वेगळे प्रदर्शन नसेल, तर २८ फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन आहेच. सर सी. व्ही. रामन यांच्या १९२८ सालच्या शोधाची ती आठवण आहे.

काय निघू शकते?

तुमच्या गावाचे उत्तर मी सांगणार नाही, ते मुलांनीच शोधावे. एवढे मात्र सांगतो, हिवतापाच्या डासाला बहुधा घाण नाली आवडत नाही. नाल्याकाठचे संथ, नितळ पाणी, बांधीतले पाणी, झऱ्याचे डबके अशा जागी त्याच्या अळ्या सापडतात. लटक्या अळ्या मात्र नालीत, रांजणात, टायरात मिळतात. नाली म्हणणाऱ्या मुलाचा अंदाज चुकला, तर त्याला हसू देऊ नका. सर्वांसमोर त्याला म्हणा, "तू विचारलेस, मोजलेस आणि मत बदललेस. विज्ञान म्हणजे हेच."

यातून गावासाठीही काही हाती लागते. रांजण आणि टाक्या आठवड्यातून एक दिवस कोरड्या केल्या, तर अळीचा डास होण्याआधीच साखळी तुटते. नाला मात्र कोरडा करता येत नाही. म्हणून तिथून येणाऱ्या डासासाठी औषध लावलेली मच्छरदाणी हाच मोठा आधार आहे. शेतातल्या झोपडीत मुक्काम असेल, तर मच्छरदाणी तिथेही न्यावी. आणि ताप आला तर त्याच दिवशी आशाताईंकडून रक्त तपासून घ्यावे. किटवर पंधरा-वीस मिनिटांत कळते. फॅल्सिपेरम जातीचा हिवताप मेंदूत गेला, तर मूल काही दिवसांतच हातचे जाते. या गोष्टी आपण मोठ्यांनी कितीदा सांगितल्या, पण मच्छरदाण्या अजूनही पेटीतच पडून असतात. तेच मुलाने बरणी हातात धरून आपल्या आजोबांना सांगितले, तर ते ऐकतात. म्हणून प्रदर्शन संपल्यावर हा तक्ता शाळेच्या कपाटात ठेवू नका. तो ग्रामसभेत न्या आणि मुलांनाच बोलू द्या.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या शाळेतला मागच्या वर्षीचा प्रकल्प कोणी निवडला होता, मुलांनी की आपण?
२. त्या प्रकल्पातून मुलांना नवे काय कळले? गावाला काय मिळाले?
३. मुलाचा अंदाज चुकतो, तेव्हा आपण त्याच्याशी कसे वागतो?
४. आपल्या गावात मुलांना मोजता येतील असे आणखी कोणते प्रश्न आहेत? (उदाहरणार्थ, कोणत्या मोहाखाली किती फुले पडतात, किंवा हातपंपाचे पाणी किती उपसल्यावर नितळ येते.)

या चार प्रश्नांवर शाळा सुरू होण्यापूर्वी एकदा एकत्र बसावे. पहिल्या आठवड्यातल्या मुलांच्या अंदाजांची वही आम्हाला पाहायला मिळाली, तर आनंद होईल. चुकलेले अंदाज तर जरूर दाखवा.